आठवत नसेल ती बोली बोलू नका

माझ्या वयाचे ब्रिज खेळणारे दोघे पहिल्यांदा भिडू म्हणून बसले, की दहा मिनिटांच्या आत एक प्रश्न हमखास येतो : ‘टू-सूटरला काय खेळतोस?’ उत्तर ‘मायकेल्स’ आलं, की विचारणाऱ्याचा चेहरा जरासा पडतो. हा अजून बालवाडीतच दिसतोय. उत्तर ‘गेस्टेम’ आलं, की मान आदराने डोलते. हा लेख त्या डोलणाऱ्या मानेविरुद्ध आहे.

ब्रिज येत नसेल तर लगेच पुढच्या लेखावर जाऊ नका. मेंढीकोट येत असेल, तर अर्धा ब्रिज तुम्हाला येतोच. चार जण, समोरासमोर भिडू, प्रत्येकी तेरा पानं, मोठं पान टाकेल त्याचा हात, आणि हुकूम सगळ्यांवर भारी. फरक एवढाच, की मेंढीकोटात हुकूम फुटतो किंवा झाकून ठेवला जातो, आणि ब्रिजमध्ये त्याचा लिलाव होतो. ‘एक बदाम’ म्हणजे बदाम हुकूम ठेवून आम्ही सहा अधिक एक, म्हणजे सात हात करू. पुढच्याने त्याच्या वरची बोली लावायची, नाहीतर पास म्हणायचं. सर्वांत खाली किलवर, मग चौकट, बदाम, इस्पिक, आणि सगळ्यांच्या वर नोट्रंप, म्हणजे बिनहुकमी डाव. इस्पिक आणि बदाम हे दोन मेजर रंग. त्यांत दहा हातांची बोली लावून ती पुरी केली, की गेमचं घसघशीत बक्षीस मिळतं. चौकट आणि किलवर हे मायनर. त्यांत त्याच बक्षिसासाठी अकरा हात लागतात.

मेंढीकोट खेळताना भिडूने कान खाजवला की एक्का, नाकाला हात लावला की राजा, असल्या खाणाखुणा आपण सगळ्यांनी केल्यात. ब्रिजमध्ये खुणांना बंदी नाही. उलट खुणांवरच खेळ चालतो, पण खूण फक्त बोलीतून करायची आणि तिचा अर्थ विरुद्ध जोडीलाही कळला पाहिजे. तुमच्या जोडीचा करार गुप्त असू शकत नाही. डुप्लिकेट ब्रिजच्या कायद्यात त्यासाठी चाळिसावं कलम आहे. माझा सगळा वाद या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती आधीच सांगितली.

आता मूळ भांडण. उजवीकडच्याने ‘एक बदाम’ म्हणून सुरुवात केली. तुमच्या हातात इस्पिकचे राजा, गुलाम, दहा, आठ, तीन. चौकटचे एक्का, राणी, दहा, नऊ, सहा. बदामचं एक बारीक पान आणि किलवरची दोन. ही दुरंगी पानं. हुकूम तुमच्या मनासारखा पडला तर त्यांत ताकद मोठी, नाही पडला तर सगळं मातीमोल. दोन्ही रंग भिडूला एका दमात सांगता आले तर उत्तम. पण सांगायचे कसे?

पहिला रस्ता जुना आणि सोपा. विरुद्ध जोडीचाच रंग बोलायचा : ‘दोन बदाम’. त्यांनी मागितलेला हुकूम तुम्हाला स्वतःला हवा असणं जवळपास अशक्य, म्हणून ती बोली रिकामीच पडून असते. तिला दिलेला अर्थ म्हणजे मायकेल्स, अमेरिकन खेळाडू माइक मायकेल्स यांच्या नावाने ओळखला जाणारा संकेत. त्यांनी मायनर बोलला असेल तर तुमच्याकडे दोन्ही मेजर. त्यांनी मेजर बोलला असेल तर तुमच्याकडे दुसरा मेजर आणि एखादा मायनर. त्याच्या जोडीला अनयूज्वल नोट्रंप असतो, त्याचं श्रेय अल रॉथ यांना दिलं जातं. विरोधी बोलीवर उडी मारून ‘दोन नोट्रंप’ म्हटलं, की उरलेले खालचे दोन रंग. एवढ्या दोन वाक्यांत ही पद्धत संपते.

तिच्यात खोट आहे, आणि ती लपवायचं कारण नाही. वरच्या पानांवर तुम्ही ‘दोन बदाम’ म्हणालात, तर भिडूला इस्पिक कळतात, पण मायनर कोणता ते कळत नाही. डावीकडच्याने मध्येच ‘चार बदाम’ अशी उडी मारली, की भिडू अडकतो. त्याच्याकडे चार किलवर आणि एकच चौकट असेल, तर तुमचा मायनर किलवर असल्यास पाचपर्यंत चढायला हरकत नाही, आणि चौकट असल्यास तोंड मिटून बसावं. शिवाय त्यांनी ‘एक किलवर’ने सुरुवात केली असेल, तर इस्पिक-चौकट ही जोडी या पद्धतीत सांगताच येत नाही. आधी एक इस्पिक बोलायचे, पुढे संधी मिळाली तर चौकट.

या खोटीवर औषध म्हणून गेस्टेम येतो. पिएर गेस्टेम हा फ्रेंच खेळाडू ड्राफ्ट्समध्ये जगज्जेता होता आणि १९५६ साली ब्रिजची बर्म्युडा बाउल जिंकणाऱ्या फ्रेंच संघातही होता. म्हणजे डोकं कसलं असेल बघा. त्याची कल्पना स्वच्छ आहे. विरोधी रंग सोडला तर उरतात तीन रंग, आणि तिघांतून दोन निवडायचे मार्गही तीनच. मग तीन बोल्या वापरा आणि तिन्ही जोड्या नेमक्या सांगा. एका प्रचलित तऱ्हेत ‘दोन नोट्रंप’ म्हणजे खालचे दोन, विरोधी रंग म्हणजे दोन टोकांचे, आणि ‘तीन किलवर’ म्हणजे वरचे दोन. आपल्या पानांवर, ‘एक बदाम’नंतर, बोली येते ‘तीन किलवर’ : इस्पिक आणि चौकट. हातात किलवरची दोन भिकार पानं असताना.

कागदावर याला तोड नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि माझ्या जमातीला असल्या रचनेची भूल लगेच पडते. तीन अवस्था, तीन संकेत, काही शिल्लक नाही, काही दुहेरी नाही. याच जमातीला हेही ठाऊक असतं, की कार्यक्रमाचा जो भाग वर्षातून दोनदा चालतो, त्यातच बग मुक्काम करून असतात. रोज चालणारा कोड रोज तपासला जातो. क्वचित चालणारा कोड चालतो तेव्हाच कळतं, की तो चालत नाही.

दुरंगी बोली किती क्वचित येते, ते मोजता येतं. तेरा पानांत दोन रंगांची किमान पाच-पाच पानं येण्याची शक्यता साधारण ५.६ टक्के, म्हणजे अठरा डावांत एकदा. पण तेवढ्याने भागत नाही. विरुद्ध जोडीने तुमच्या आधी एका रंगाची सुरुवात केली पाहिजे, तो रंग तुमच्या दोनांपैकी नको, आणि पानांत बोलण्याइतका दमही हवा. माझा ढोबळ हिशेब सांगतो, की एका जोडीला शंभर डावांत एखादी अशी बोली मिळते. क्लबातल्या एका बैठकीत चोवीसेक डाव होतात. म्हणजे चार बैठकांत एकदा. त्यातही गेस्टेममुळे मायकेल्सपेक्षा निकाल बदलला, असा डाव किती वेळा येईल? भिडूला मायनर कोणता ते कळणं गरजेचं होतं, आणि विचारायला जागा उरली नव्हती, असे डाव त्यातलेही थोडेच. फायदा खरा आहे, पण तो महिन्या-महिन्यांनी मिळणारा फायदा आहे.

आता तोटा. तोही त्याच शंभरातल्या एका डावात दबा धरून बसलेला असतो. तुम्ही ‘तीन किलवर’ म्हणालात आणि भिडू विसरला. त्याच्याकडे किलवरची तीन पानं आहेत, तो शांतपणे पास म्हणतो. तुम्ही पाच हुकुमांवर नऊ हात करायला बसता आणि चार करता. पाच हात कमी. व्हल्नरेबल असाल तर डबल न देताही ५०० गुण गेले. विरुद्ध जोडी व्हल्नरेबल नसताना ‘चार बदाम’ बोलून पुरे करती, तर तिला ४२० मिळाले असते. म्हणजे तुम्ही तिला तिच्या गेमपेक्षा जास्त दिलंत, तेही तिने काही न करता.

उलटी बाजू याहून वाईट. तुमच्याकडे सात किलवर आहेत, आणि सवयीने तुम्ही ‘तीन किलवर’ म्हणून अडवणूक केलीत. भिडूला करार बरोबर आठवतो. तो विरुद्ध जोडीला सांगतो, ‘इस्पिक आणि चौकट’, आणि ‘चार इस्पिक’ बोलतो. त्याचं सांगणं तुमच्या कानावर पडलं. चूक कळली. पण ती दुरुस्त करायला ते ऐकलेलं वापरायचं नाही. ती तुमच्यासाठी बेकायदा माहिती आहे, सोळावं कलम त्याबद्दलच आहे. भिडूने तुमचे सात किलवर ऐकून आपणहून ‘चार इस्पिक’ म्हटले, असं समजूनच तुम्हाला वागावं लागतं. गैरसोय होते म्हणून पुन्हा ‘पाच किलवर’ म्हणालात, तर डायरेक्टर टेबलाशी येतो, आणि यावंच त्याने.

मी पाहिलेल्या खेळात गेस्टेमवरून उठलेले वाद त्यामुळे नेहमी दोन पदरी असतात. आधी गुण जातात, मग अब्रू. कायदा एवढा उदार आहे, की करार नीट सांगितला आणि बोलणारा स्वतः चुकला, तर तो गुन्हा धरत नाही. पण करार असा होता याचा पुरावा तुम्हाला दाखवता आला नाही, तर डायरेक्टरने सांगणारा चुकला असं धरून चालायचं असतं, आणि मग विरुद्ध जोडीचं नुकसान भरून निघतं. पहिल्यांदा भेटून दहा मिनिटांत ‘गेस्टेम? हो, खेळू’ म्हणणाऱ्या जोडीकडे कसला पुरावा असणार?

यावर माझे मित्र म्हणतात, ‘विसरायचं नाही, एवढंच. त्यात काय?’ हे म्हणणारे बहुतेक ऑनलाइन वाढलेले आहेत. ब्रिज बेस ऑनलाइनवर आपल्या बोलीचा अर्थ आपणच टाइप करतो आणि तो भिडूला दिसत नाही. टेबलावरची लाजिरवाणी परिस्थिती तिथे निम्म्याने नाहीशी होते. शेजारच्या खिडकीत स्वतःच्या नोंदी उघड्या असतील, तर विसरण्याचा प्रश्नच मिटतो. पण बोली चालू असताना स्वतःच्या पद्धतीच्या नोंदी पाहायला कायद्याची मुभा नाही. ब्रिजमध्ये स्मरण हा खेळाचाच भाग आहे. नोंदी पाहून निवडलेली पद्धत ही तुमची पद्धत नव्हे, ती त्या फाइलची पद्धत.

गेस्टेम स्वतः विसरत नसेल, हे मला मान्य आहे. त्याचा भिडू होता रने बाशेरिश. दोघांनी मिळून अतिशय गुंतागुंतीची पद्धत वर्षानुवर्षं घासून तयार केली होती. आपल्याकडचं उदाहरण घ्या. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आला, आणि पुरुष जोडीचं सुवर्ण प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला मिळवून दिलं. एक साठ वर्षांचा, दुसरा छप्पन्न. तेव्हा बातम्यांत वयाचंच कौतुक झालं. मला त्यात वयापेक्षा जोडी दिसते. एकमेकांसमोर इतकी वर्षं बसलेल्या दोघांना गुंतागुंत परवडते. ज्याचा भिडू दर रविवारी बदलतो, त्याने ती उसनी घेऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ‘मायकेल्समध्ये माहिती कमी जाते. स्पर्धेच्या बोलीत नेमकेपणा हेच शस्त्र आहे.’ खरं आहे, पण अर्धं. दुरंगी बोली फक्त भिडू ऐकत नाही. विरुद्ध जोडीही ऐकते, आणि बऱ्याचदा डाव शेवटी तीच खेळते. तुम्ही तेरातली दहा पानं कोणत्या दोन रंगांत आहेत ते सांगून टाकलंत. त्यांच्याकडे मिळून नऊ बदाम आहेत, राणी तेवढी नाही. एरवी एक्का-राजा खेळून राणी पडते का पाहायचं, हा सर्वसाधारण रस्ता. पण तुमची दहा पानं इस्पिक-चौकटची आहेत म्हटल्यावर बदामला तुमच्याकडे जागा किती उरली? डाव खेळणारा तुमच्या भिडूकडे राणी धरून त्याच्या बाजूने ती पकडतो, आणि तुमच्याच बोलीने तुमचा एक हात जातो. नेमकेपणा दोन्ही बाजूंना मिळतो. म्हणून प्रश्न ‘किती नेमकं सांगता येईल’ एवढाच नाही. हा डाव आपण खेळण्याची शक्यता किती, हाही आहे. पाच-पाच पानं आली की बोललंच पाहिजे, हा मोह गेस्टेम खेळणाऱ्यांत जास्त दिसतो. हातात नवीन हत्यार असलं की जो तो खिळा शोधत फिरतो. इस्पिकची पाच पानं सातपासून खाली आणि बाहेर एकटी राणी, असल्या पानांवर पास म्हणायला पद्धत लागत नाही. धीर लागतो.

माझा तिसरा मुद्दा पद्धतीच्या आतला आहे. गेस्टेम घेतला, की ‘तीन किलवर’ ही नैसर्गिक बोली तुम्ही गमावता. हातात लांबलचक किलवर घेऊन एकदम तिसऱ्या पायरीवर उडी मारायची आणि विरुद्ध जोडीची जागा खाऊन टाकायची, हे साधं, उपयोगी आणि कुणालाही समजणारं शस्त्र आहे. दुर्मिळ नेमकेपणासाठी ते मोडीत काढताना कुणी बाजारभाव विचारत नाही.

आणि ‘नंतर काय?’ हा प्रश्न तर कुणीच विचारत नाही. गेस्टेम खेळतो म्हणणाऱ्या जोडीला एकच विचारून बघा : ‘तुझ्या तीन किलवरला डावीकडच्याने डबल दिला आणि भिडूने पास म्हटलं. त्या पासचा अर्थ काय?’ किलवर चालतील असा? तूच रंग निवड असा? की मला काही म्हणायचं नाही असा? शंभरातून एकदा येणाऱ्या बोलीचं पहिलं पाऊल सगळ्यांना पाठ असतं, दुसरं कुणालाच नसतं. तेवढ्याच वेळात मायकेल्सचं दुसरं पाऊल ठरवता येतं. मेजरवरच्या मायकेल्सनंतर भिडूचे ‘दोन नोट्रंप’ म्हणजे तुझा मायनर सांग. तेवढी जागा उरली नसेल तर ‘चार नोट्रंप’चा तोच अर्थ. भिडूने मेजरमध्ये उडी मारली तर ती अडवणूक, आमंत्रण नव्हे. डबल आला आणि भिडू पास म्हणाला तर काय, ते एका ओळीत लिहून ठेवा. ही चार वाक्यं दोघांनी सारखी म्हटली, तर ज्या मायनरवर गेस्टेमवाले एवढे अडून बसतात, तो बहुतेक वेळा विचारून कळतो.

आता थोडं मी राहतो तिथलं, कारण हा वाद मला तिथे जास्त बोचतो. एकलहरे म्हटलं की नाशिककरांना आधी औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आठवतात. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, आणि वीज केंद्र म्हटलं की पाळ्या आल्या. पहिली पाळी संपवून आलेला माणूस आणि रात्रपाळीला निघायचा माणूस यांच्यामध्ये जो वेळ उरतो, त्यात वसाहतीत पत्त्यांचे डाव पिढ्यान्‌पिढ्या रंगले. आमच्या रविवारच्या टेबलावर आज जे काका बसतात, ते त्या पाळ्यांतून निवृत्त झालेले. ते मेंढीकोटातून ब्रिजमध्ये आले. त्यांचं पानं मोजणं असं, की सातव्या हाताला ते तुमच्या हातातली उरलेली सहा पानं सांगतील. बोली मात्र साधी. मायकेल्स त्यांना दोन वाक्यांत सांगितला आणि त्यांनी पुढच्याच आठवड्यात तो माझ्यावर वापरला.

त्यांच्यासमोर एकदा शहरातून पाहुणी आलेली तरुण जोडी बसली. ‘तीन किलवर’ आले. काकांनी अर्थ विचारला. उत्तर मिळालं, ‘गेस्टेम.’ काकांनी पुन्हा विचारलं, ‘म्हणजे?’ पोराने खांदे उडवले : ‘स्टँडर्ड आहे, काका.’ काका गप्प बसले आणि पास म्हणाले. नाव सांगणं म्हणजे अर्थ सांगणं नव्हे. विरुद्ध जोडीला पानांचं वर्णन मिळण्याचा हक्क आहे, शोधकर्त्याचं आडनाव मिळण्याचा नाही. माहीत असून सांगितलं नाही तर तो कान खाजवण्यातलाच प्रकार झाला, फक्त इंग्रजी कपड्यांतला. आणि आपल्यालाच नीट सांगता येत नाही म्हणून नावामागे लपलात, तर ती पद्धत तुमची नाहीच.

अशा दोन-तीन रविवारांनंतर एखादे काका ‘गुडघा दुखतोय’ म्हणून यायचे थांबतात. टेबलावर तिघे उरतात, आणि तिघांचा ब्रिज होत नाही. या खेळाला आपल्याकडे तरुण खेळाडू मिळत नाहीत, अशी ओरड सगळे करतात. जे थोडे मिळतात, ते आल्या आल्या भिंत बांधत असतील, तर तिच्या दोन्ही बाजूंची माणसं आपण गमावतो. नवशिक्या मुलीला पहिल्या महिन्यात तीन बोल्यांचा तक्ता पाठ करायला लावला, तर ती पानं मोजायला कधी शिकणार? डाव पानं मोजणाऱ्याने जिंकला जातो. तक्ता त्यानंतरचा.

म्हणून माझी भूमिका सरळ आहे. ज्यांचा भिडू पक्का आहे, ज्यांच्याकडे लेखी करार आहे, ज्यांनी पुढची तीन पावलं ठरवली आहेत, त्यांनी खुशाल गेस्टेम खेळावा, आणि विचारल्यावर पूर्ण वाक्यात सांगावा. बाकी आपण सगळ्यांनी मायकेल्स आणि अनयूज्वल नोट्रंप घ्यावेत, दोन्ही रंगांत जीव असेल तेव्हाच बोलावं, व्हल्नरेबल असताना आणखी जपून. इस्पिक-चौकटच्या त्या एका जोडीसाठी आधी इस्पिक बोलावेत, मग जमलं तर चौकट. तेवढं नुकसान सोसावं.

आणि नवा संकेत घ्यायचाच असेल, तर भिडूला समोर बसवून दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर त्याचा अर्थ लिहावा : पहिली बोली, भिडूचं उत्तर, मध्ये डबल आला तर काय, आणि विरुद्ध जोडीने विचारलं तर तिला सांगायचं वाक्य. महिन्याभराने, न पाहता, पुन्हा लिहावा. चारही कागद जुळले तर पुढच्या रविवारी तो टेबलावर आणा. नाही जुळले तर तेवढ्या वेळात काकांच्या शेजारी बसा आणि ते सातव्या हाताला उरलेली पानं कशी सांगतात, ते शिकून घ्या.